'गप खेळ ना' म्हणणाऱ्यांत सोबती कसा शोधायचा?

खेळताना 'खेळ म्हणजे नेमकं काय' असले प्रश्न तुमच्या डोक्यात येतात आणि मित्र म्हणतात, "गप खेळ ना." मग अशा गप्पांना माणसं कुठे शोधायची, असं तुम्ही विचारलंय.

आधी मित्रांची बाजू घेतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली लिहिलं होतं की लबाडी करणारा निदान खेळ मानल्याचं सोंग तरी करतो. खेळच मोडणारा लोकांना त्याहून नकोसा होतो. खरंच आहे. रडीचा डाव खेळणाऱ्याला आपण सांभाळून घेतो, पण ऐन रंगात "या सगळ्याला अर्थ काय?" विचारणाऱ्याला नाही. मी कित्येक वर्षं तोच माणूस होतो.

आता डाव संपेपर्यंत तोंड बंद ठेवतो. माझा पहिला सोबती असाच मिळाला. बुद्धिबळात त्यानं वजीर फुकट घालवला, मी म्हटलं, "घे चाल परत." त्यानं घेतली आणि डावही जिंकला. मोहरे डब्यात भरताना स्वतःच म्हणाला, "पण हा डाव जिंकला कोणी?" दुसरा डाव राहिलाच. मला जिंकायचं होतं तर चाल परत का दिली? आणि नव्हतं, तर हरल्यावर चिडलो का? तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांची १९७८ सालची व्याख्या तेव्हा कामी आली: गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करून ते पार करायची धडपड, म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हातानं नेऊन भोकात टाकता येतोच की! मग मी अडथळा काढला, की नवा घातला? आमचं अजून एकमत नाही.

तत्त्वज्ञानवाल्यांच्या मागे फार लागू नका. त्यातले बरेचसे खेळत नाहीत. नियमांची पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारा, पंचाच्या निर्णयावर घरी गेल्यावरही वाद घालणारा, लहान मुलांसाठी नियम बदलून देणारा, अशांना हेरा.

मी ओळख झाली की एक प्रश्न टाकून बघतो. लहानपणी लपाछपीत मी कच्चं लिंबू होतो. लपायचो, सापडायचो, पण राज्य कधीच आलं नाही. मग मी खेळलो का?

बहुतेक जण हसून विषय बदलतात. एकीनं मात्र जरा थांबून विचारलं, "तू कच्चं लिंबू आहेस, हे तुला माहीत होतं?"

नव्हतं. त्या दिवशी आम्हाला गप्पांतून उठायला बराच उशीर झाला.