वस्त्यांमधल्या सामुदायिक संगणक केंद्रांमध्ये तळागाळातल्या लोकांचा सहभाग कसा वाढवावा?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था पुण्यात पाच वस्त्यांमध्ये संगणक केंद्रं चालवते. फॉर्म भरायला रांग लागते, पण समितीच्या बैठकीला चार डोकी जमत नाहीत. मग सहभाग वाढवायचा कसा, पाचही केंद्रांचं मिळून जाळं कसं बांधायचं आणि त्यासाठी एखादं ॲप आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच सहा केंद्रांच्या समन्वयाचं काम सात वर्षं केलं, अजूनही अधूनमधून मदतीला जाते. खाली ज्या चुका सांगतेय त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत.

पहिली दोन वर्षं आमच्याकडेही प्रत्येक केंद्राला अकरा जणांची समिती होती, कागदावर. बैठकीचं इतिवृत्त मी आदल्या रात्रीच टाइप करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या घ्यायचे. ‘ताई, कशावर सही?’ असं कुणी विचारलंच तर ‘केंद्राचं आहे हो’ म्हटलं की भागायचं. निधी देणाऱ्यांना गेलेल्या अहवालात आमचा लोकसहभाग शंभर टक्के होता.

त्याच वस्तीत त्याच बायका दर पाच तारखेला भिशीला न चुकता जमत होत्या. बचत गटाची बैठक बुडाली तर दंड भरत होत्या. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पोरं पावती पुस्तकं घेऊन दारोदार फिरत होती, आणि विसर्जनानंतर जमाखर्च लागला की ढोल-ताशावर एवढे पैसे गेलेच कसे म्हणून तासभर वाद घालत होती. म्हणजे माणसं जमत नाहीत हे खोटंच होतं. भिशीत पैसा स्वतःचा असतो आणि नंबर कुणाचा ते डोळ्यांदेखत ठरतं. आमच्या बैठकीत ठरवायला होतं काय? वेळ ठरलेली, दर ठरलेले, शिक्षिका नेमलेली, अभ्यासक्रम छापून आलेला. आम्ही लोकांना ‘माहिती द्यायला’ बोलवायचो. रोजगार बुडवून माहिती ऐकायला कोण येणार?

फिरलं ते एका प्रिंटवरून. आमच्याकडे एका पानाला पाच रुपये, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन. धुणीभांडी करणाऱ्या एका काकू काउंटरवरच कडाडल्या, ‘हे पाच रुपये ठरवले कुणी?’ खरं उत्तर होतं, कोथरूडच्या ऑफिसात आम्ही तिघांनी. ते सांगायची लाज वाटली म्हणून म्हटलं, बरं, रविवारी या, तुम्हीच ठरवा. वाटलं, पाच-सहा जणी येतील. आले चाळीसेक लोक. तो झेरॉक्सवालाही आला, तो वस्तीतलाच. म्हणाला, ‘तुम्ही देणगीच्या पैशातून मशिन आणता नि माझ्या पोटावर पाय देता.’ हा मुद्दा दोन वर्षांत आमच्या एकाही नियोजनात आला नव्हता. दोन तास वादावादी झाली. शेवटी ठरलं की केंद्रात साधी झेरॉक्स काढायची नाही, ती त्याच्याकडेच पाठवायची. केंद्रात फक्त स्कॅन आणि ऑनलाइन फॉर्म. शाळेच्या पोरांना प्रकल्पासाठी महिन्याला दहा पानं फुकट. झेरॉक्सवाल्याने मग आमच्या प्रिंटरची सगळी बारीकसारीक दुरुस्ती स्वतःहून अंगावर घेतली. त्या दिवशीचं इतिवृत्त मी पहिल्यांदा बैठकीनंतर लिहिलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: लोकांच्या हातात तीन गोष्टी द्या. दर, वेळ आणि किल्ली. बाकीचं प्रशिक्षण, पथनाट्य, जनजागृती फेरी मागाहून बघता येईल.

वेळेचंच बघा. आमची केंद्रं अकरा ते पाच. घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी सातला बाहेर पडून दोनला परततात, नंतर पाणी येतं. कॉलेजच्या मुली संध्याकाळी सातनंतरच मोकळ्या. म्हणजे केंद्र उघडं असायचं तेव्हा येऊ शकणारे फक्त रिकामे पुरुष आणि शाळा बुडवलेली पोरं. बैठकीत मुलींनी सात ते नऊ मागितलं, तर आया म्हणाल्या, अंधारात पाठवणार नाही. मार्गही आयांनीच काढला. बचत गटातल्या दोघीजणी पाळीपाळीने दाराशी बसतील, आणि बाहेर दिवा लावायचा. दोघींपैकी एकीलाही माऊस धरता येत नव्हता. तीन-चार महिन्यांनी त्यातली एक गॅस सबसिडी आली का ते स्वतः बघायला लागली. कुणी शिकवलं नाही, बसून बसून बघून बघून आलं.

किल्लीवरून ऑफिसात मोठी खळखळ झाली. समोरच्या घरातल्या बाईंकडे किल्ली ठेवायची म्हटल्यावर विम्याचं काय, चोरी झाली तर जबाबदार कोण, सगळं निघालं. सात वर्षांत आमचा एक संगणक चोरीला गेला, तो आमच्याच ऑफिसातून.

हिशेबाचा फळा हा याचाच पुढचा भाग. दाराशेजारी साधा काळा फळा, खडूने जमा आणि खर्च, दर महिन्याच्या एक तारखेला. लाइटबिल, इंटरनेट, शाई, कागद, सगळं. शिक्षिकेचं मानधनसुद्धा लिहायचं, यावर आमच्याकडे रुसवेफुगवे झाले, तरी लिहायचं. एकदा रिक्षा चालवणाऱ्या एका दादांनी बेरीज करून ३४० रुपयांची चूक काढली. चूक आमच्याच मुलीची होती, शाईचं बिल दोनदा धरलं गेलं होतं. मला वाटलं, आता बदनामी होणार. उलट पुढच्या महिन्यापासून फळ्यासमोर गर्दी वाढली. चूक सापडू शकते असं दिसल्यावर लोक हिशेब वाचायला लागले.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतःला विचारा. तुमच्या केंद्रात आणि ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त फरक काय? केंद्र सरकारने २००६ साली मंजूर केलेली सामान्य सेवा केंद्रांची योजना मुळातच गावपातळीवरच्या उद्योजकावर बेतलेली आहे. तिथे काम होतं, पैसे द्यायचे, निघायचं. त्यात गैर काही नाही, ते दुकान आहे. पण तुमचं केंद्र नुसते फॉर्मच भरत असेल तर तेही दुकानच, जरा स्वस्तातलं. मग लोक गिऱ्हाईकासारखे वागले तर तक्रार कशाची?

आमच्याकडे हा फरक पडला तो एकेकट्याच्या फॉर्मवरून सगळ्यांच्या फॉर्मवर आल्यावर. तुंबलेलं गटार, बंद दिवा, सार्वजनिक शौचालयाची तुटलेली दारं यांच्या तक्रारी महापालिकेच्या ॲपवर केंद्रातूनच टाकायच्या आणि तक्रार क्रमांक फळ्यावर लिहायचा, तारखेसकट. कुणीही येताजाता विचारतं, ‘त्या गटाराचं काय झालं?’ पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात असतात, हे सोसायट्यांमधल्या निवृत्त मंडळींना पाठ असतं; आमच्या वस्तीत एकालाही माहीत नव्हतं. आम्ही एका रविवारी बसून तेरा अर्ज भरले. दोन कामं झाली. दोनच, पण त्यातल्या एका दिव्याच्या खांबाखाली आता पोरं अभ्यासाला बसतात.

परवाचं लाडक्या बहिणीचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये अर्जांना झुंबड उडाली ती सगळ्यांनी पाहिली. २०२५ मध्ये ई-केवायसी आलं तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही लागत होता. ज्यांचे दोघंही हयात नाहीत त्या बायका अडकल्या. शिवाय ओटीपी यायचा तो मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा कामावर. फोन घरोघरी आहेत, मग केंद्र हवं कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. आमच्या एका केंद्रात अशा अडकलेल्या बायकांची यादी झाली, आणि त्या एकेकट्या खेटे घालण्याऐवजी एकत्र संबंधित कार्यालयात गेल्या. यादी करायची कल्पना आमची नव्हती. दाराशी बसणाऱ्या त्या दोघींची होती.

वस्तीतल्या संगणक केंद्राच्या कल्पनेला जुना इतिहास आहे. अँटोनिया स्टोन या गणिताच्या शिक्षिकेने १९८३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वस्तीतल्या लोकांसाठी असं केंद्र काढलं, आणि त्या कामातूनच पुढे अमेरिकेतल्या अशा केंद्रांचं जाळं उभं राहिलं. त्यातली कितीतरी केंद्रं वाचनालयात, गृहसंकुलात, आधीपासून लोक जमत होते अशा ठिकाणीच होती. आपल्याकडे १९९८ मध्ये शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रं सुरू केली. एंबलम गावात केंद्राला जागा मिळाली ती देवळाच्या आवारात. जागा गावाने द्यायची आणि कुठल्याही जातीच्या माणसाला मज्जाव नाही, ही अट होती. वीरामपट्टिणमच्या कोळ्यांना समुद्रातल्या लाटांची उंची हवी होती, तर ती इंटरनेटवरून काढून भोंग्यावरून सांगत. स्क्रीनपर्यंत कुणी यायलाच हवं असा हट्ट नव्हता.

आणि त्याच १९९८ मध्ये आपल्या कोल्हापूरकडे वारणेचा प्रकल्प झाला, सत्तरेक गावांत संगणक केंद्रं काढण्याचा. गाजावाजा मोठा होता. शेतकऱ्याने तो वापरला मुख्यतः उसाच्या कामासाठी: तोडणीची पाळी, वजन, बिल. बाकी स्वप्नं बाजूला राहिली. पुढे काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेवढंच काम करून पाहिलं आणि ते चाललं. कुणी याला अपयश म्हणतं. मला वाटतं, आपल्याला काय हवंय ते शेतकऱ्यांनी वापरातून स्पष्ट सांगितलं होतं.

आता जाळ्याबद्दल. आमची मासिक बैठक डेक्कनला शनिवारी सकाळी. वस्तीतून येणाऱ्याचा रोज बुडायचा, वर बसचं भाडं, आणि बोलणं निम्मं इंग्रजीत. आम्ही ती फिरती केली, रविवारी संध्याकाळी, दर वेळी वेगळ्या केंद्रात. यजमान वस्तीचे दोन प्रश्न आधी, ऑफिसचे विषय शेवटी. प्रत्येक केंद्राचे दोन प्रतिनिधी, त्यात एक तरी बाई, आणि दर वर्षी बदलायचे, नाहीतर तीच ती ‘समितीवाली’ माणसं तयार होतात. येण्याजाण्याचे पैसे द्या. ‘सेवाभाव हवा’ असं म्हणणारे नेहमी पगारी असतात, हे माझं निरीक्षण. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, ते पाहिलंत तर कळेल. तिथे सभासदाकडे स्वतःचं ओळखपत्र असतं, वर्गणी असते. फुकटच्या सभासदत्वाला वजन नसतं. आम्ही घराला वर्षाचे वीस रुपये ठेवले.

केंद्राकेंद्रांना खरं बांधलं ते दुरुस्तीच्या भिशीने. प्रत्येक केंद्राने महिन्याला पाचशे टाकायचे, आणि ज्याचं यंत्र बिघडलं त्याला उचल. कुणाची हार्ड डिस्क आधी, कुणाचा यूपीएस नंतर, यावर प्रतिनिधी तावातावाने भांडायचे. एकमेकांच्या केंद्रात जाऊन ‘खरंच बिघडलंय का’ ते बघून यायचे. आम्ही अभ्यासदौरे काढून जे झालं नव्हतं ते या संशयाने केलं.

सगळं गोड नाही. सहापैकी एक केंद्र आम्ही घालवलं. तिथे पहिल्यापासून एका मंडळाच्या पोरांवर भिस्त ठेवली, कारण ती चटपटीत होती. वर्षभरात दारावर इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आत कॅरम, आणि बायका दारातूनच परत. किल्ली एकाच घरात, एकाच गटाकडे राहिली ही चूक. आता किल्ल्या दोन असतात, दोन वेगळ्या गल्ल्यांत.

ॲपचं विचारलंत. आम्ही एक करून घेतलं होतं, अभिप्रायासाठी, तारेतारकांसहित. कुणी उघडलं नाही. सध्या प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सॲप गट आहे, निम्म्याहून जास्त बोलणं आवाजी निरोपांतून चालतं, आणि एक तारखेला फळ्याचा फोटो टाकतात. फोटो दोन तारखेपर्यंत आला नाही तर त्या काकू फोन करतात, माझ्याच नंबरवर.