दर प्रोजेक्टला तेच घोळ, मग अनुभव जातो कुठे?

प्रश्न: आमच्याकडे प्रोजेक्ट संपला की मीटिंग होते, काय चुकलं त्याचा रिपोर्ट बनतो आणि फोल्डरमध्ये जाऊन पडतो. पुढच्या वेळी परत टेस्टिंगला वेळ पुरत नाही, क्लायंटचं अप्रूव्हल लटकतं, डेडलाइन हुकते. या अनुभवाचा उपयोग करायचा तरी कसा?

उत्तर: रिपोर्ट बनतोय हे चांगलंच आहे, पण तो कुणी आणि कधी उघडायचा हेच ठरलेलं नसतं ना, खरी गोम तिथे आहे. कामाच्या धबडग्यात जुनी फाइल शोधून वाचत बसायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून धडा तिथेच ठेवा जिथे निर्णय होतो. अप्रूव्हल लटकतं ना, मग प्लॅनच्या टेम्प्लेटमध्येच एक रकाना टाका, सही कोण करणार आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण, आणि तो भरल्याशिवाय प्लॅन पुढे सरकवायचाच नाही.

लिहिताना "कम्युनिकेशन सुधारायला हवं" असलं काही लिहू नका, त्यातून कुणालाच काही करता येत नाही. नेमकं काय झालं, कशामुळे झालं, पुढच्या वेळी कुणी कधी काय करायचं, एवढं आलं की बास. आणि शेवटाची वाट बघू नका, तोपर्यंत निम्मी माणसं दुसऱ्या कामाला लागलेली असतात आणि उरलेल्यांना कारणं आठवत नाहीत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) या संस्थेच्या पीएमबीओके गाइड या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या आवृत्तीतही अशी नोंदवही काम चालू असतानाच भरत जायची असं सांगितलंय. फक्त या नोंदी अप्रेझलमध्ये वापरू नका हां, नाहीतर खरं कुणी लिहिणारच नाही.

आता वेळेच्या अंदाजाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फायदा मला इथेच दिसतो. काह्नेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की माणूस हातातल्या कामाच्या तपशिलात अडकतो आणि तशाच आधीच्या कामांना किती वेळ लागला होता ते बघतच नाही. सिडनी ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पूर्ण होणार होतं, उघडलं १९७३ मध्ये, आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. तुम्ही जुन्या कामांची साधी शीट बनवा, टप्प्यानुसार अंदाज किती होता आणि प्रत्यक्ष किती लागले. टेस्टिंगला १० दिवस धरून दरवेळी १५-१६ लागत असतील तर पुढच्या वेळी १५ पासूनच सुरुवात करा, "यावेळचं काम वेगळं आहे" असं कुणी म्हणालं तर नेमकं काय वेगळं ते लिहून मागा.

सुरुवात म्हणून मागचे तीन रिपोर्ट काढा, दोनदा तरी आलेल्या अडचणी तेवढ्या वेचा आणि पुढच्या किकऑफच्या, म्हणजे काम सुरू करतानाच्या मीटिंगच्या, चेकलिस्टमध्ये प्रत्येकीपुढे एकेका माणसाचं नाव टाका.