अकराव्या वचनाआधी दहावं वाच

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम. तुझा मेसेज मिळाला, युथचा बायबल स्टडी आता तू घेणार हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस की पहिल्या तीन महिन्यांत कुठले टॉपिक घेऊ, करिअर, रिलेशनशिप, टेन्शन वगैरे, आणि कुठल्या टॉपिकला कुठलं वचन लावू. सरळच सांगतो, टॉपिक नको घेऊस. एक पुस्तक घे आणि पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत जा. आमच्या मंडळीत आम्ही असंच शिकवतो, आणि मी याबद्दल एवढा हट्टी का आहे तेही सांगतो, थोडं लांबेल.

मी नवीन होतो तेव्हा एका भावाची नोकरी गेली होती. मी त्याला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, वचन ११) दिलं, तुला पाठच असेल, देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आणि वर पदरचं जोडलं की बघ, थोड्याच दिवसांत सगळं ठीक होईल. वर्ष गेलं, काहीच झालं नाही, आणि एक दिवस तो मला म्हणाला, ते वचन माझ्यासाठी नव्हतं का? मला काही बोलताच आलं नाही. त्या रात्री मी २७ ते २९ हे तीन अध्याय पहिल्यांदा सलग वाचले, तोवर मी फक्त ती एक ओळच ओळखत होतो.

ते पत्र आहे गं. इ.स.पू. ५९७ मध्ये ज्यांना यरुशलेमहून बाबेलला धरून नेलं त्यांना यिर्मयाने लिहिलेलं. अकराव्याच्या आधीचं दहावं वचन म्हणतं सत्तर वर्षं, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जायच्या आधीच मरणार होते. आणि त्याच्या आधी काय सांगितलंय, तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आता मागचा २८वा अध्याय बघ. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत मिळेल, आणि यिर्मया त्याला तोंडावर म्हणतो, परमेश्वराने तुला पाठवलेलं नाही. हे वाचल्यावर मला कळलं की मी वचन यिर्मयाचं वापरलं होतं आणि बोललो होतो हनन्यासारखं. त्या भावाला मी जाऊन सॉरी म्हटलं, मग आम्ही दोघांनी ते अख्खं पत्र बसून वाचलं, आणि खरं सांगतो, त्याला धीर आला तो "इथेच घर बांधा" या ओळीने.

म्हणून म्हणतो, पुस्तक घे. सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान घे, १६ अध्याय आहेत, दोन तासांच्या आत मोठ्याने वाचून होतो. तयारी करायच्या आधी एकदा तसाच एका बैठकीत वाचून काढ, नोट्स नाही, व्हिडिओ नाही. सलग वाचलं की काय दिसतं बघ. आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे, येशू एकदा हात ठेवतो तर त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसतात, मग पुन्हा हात ठेवल्यावर नीट दिसतं. एवढाच भाग उचललास तर पोरं विचारणार की पहिल्याच वेळी का नाही बरा झाला, आणि तू काहीतरी जुळवून सांगशील. पण त्याच्या लगेच आधी येशू शिष्यांना विचारतोय की डोळे असून तुम्हाला दिसत नाही का, आणि लगेच नंतर त्यांच्यातलाच पेत्र म्हणतो आपण ख्रिस्त आहात आणि दुःखसहनाचं ऐकल्याबरोबर येशूलाच दटावायला लागतो. म्हणजे पेत्राला अर्धंच दिसतंय. हे तुला कुणी सांगायची गरजच नाही, ते मार्कनेच शेजारी शेजारी ठेवलंय.

ही काही माझी आयडिया नाही. झ्युरिकला झ्विंग्ली या धर्मसुधारकाने १ जानेवारी १५१९ पासून मत्तयाचं शुभवर्तमान असंच पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली. कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं होतं, १५४१ मध्ये परत आला तेव्हा लोकांना वाटलं आता सुनावणार, तर त्याने जिथे थांबला होता तिथूनच पुढचा भाग उघडला. ज्या मंडळ्यांत तीन वर्षांच्या वाचनांचा क्रम असतो, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, त्यांचंही मला पटतं, कारण काय शिकवायचं ते शिकवणाऱ्याच्या आवडीवर राहत नाही. मार्कचा दहावा अध्याय येईल तेव्हा घटस्फोट येणार, श्रीमंत माणूस येणार, आणि ग्रुपमध्ये कुणाच्या घरी आईवडील वेगळे झालेले असतील. तू स्वतःहून तो विषय कधीच घेतला नसतास. पण क्रमाने आला की कुणाला वाटत नाही की ताईने मला धरून काढलाय. फक्त त्या आठवड्यात जास्त प्रार्थना कर आणि घाईने बोलू नकोस.

तासात आधी भाग मोठ्याने वाचा, दोनदा, वेगवेगळ्या आवाजात. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, अर्थ सांगत जातात, तिथे वाचनालाच केवढा वेळ दिलाय बघ, आपण मात्र दोन वचनं वाचतो आणि चाळीस मिनिटं स्वतःचं बोलतो. "तुला यातून काय मिळालं" हे शेवटी विचार, आधी विचार की इथे लिहिलंय काय, कोण कुणाला बोलतंय, आधी काय झालं. अध्यायांचे आकडे १३व्या शतकातले आणि नव्या करारातल्या वचनांचे १५५१ चे, त्यामुळे आकडा संपला म्हणून विषय संपला असं धरू नकोस.

आणि कुणी म्हणालं की ताई, तुम्ही सांगताय ते इथे दिसत नाहीये, तर वाईट वाटून घेऊ नकोस. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचंही रोज शास्त्रात तपासून बघत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. तो मुलगा किंवा मुलगी तुझ्यावर न विसंबता बायबल वाचायला शिकतेय, याच्यासाठीच तर बसतो ना आपण. उत्तर येत नसेल तर सांग की पुढच्या वेळी बघून सांगते, आणि खरंच बघून सांग.

पहिल्या दिवशी मार्क १:१ ते १५ एवढंच घे. झालं की मला फोन कर, तू काय बोललीस ते नंतर सांग, आधी त्यांनी काय काय विचारलं ते ऐकायचंय मला.

तुझा,
काका