रानात एकट्याने मुक्काम : वाचकांचे प्रश्न

उघड्या निसर्गात, नेमून दिलेल्या तळाबाहेर, एकट्याने रात्र काढण्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे गटाबरोबर डोंगरभटकंती करतो. तंबू लावणे, स्टोव्ह पेटवणे, नकाशा वाचणे ही कामे मला नीट येतात. आता एक रात्र एकट्याने काढावी असे मनात आहे. परंतु अंधार पडल्यावर प्रत्येक आवाजाला दचकून मी रात्रभर जागाच राहीन, अशी धास्ती वाटते. ही भीती घालवायची कशी?

उत्तर : भीती पूर्णपणे गेल्यावरच निघायचे असे ठरवलेत, तर निघणे होणार नाही. तिच्यामागची कारणे कळली की ती आटोक्यात राहते, आणि एका रात्रीपुरते तेवढे पुरते.

रात्री आवाज मोठे वाटतात हा केवळ मनाचा खेळ नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशा हवेत वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, त्यामुळे दिवसा ऐकूही न येणारा दूरचा ओढा किंवा एखाद्या प्राण्याची हाक अगदी जवळून आल्यासारखी वाटते. त्यात वाळलेल्या पाचोळ्यावरून उंदीर धावला तरी तंबूच्या आत पडलेल्या माणसाला ते जनावर मोठे भासते, कारण कापडामुळे दिसत काही नाही आणि अंतराचा अंदाजही येत नाही. यावर उपाय साधा आहे. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी जागेवर पोहोचा, तंबू लावून झाल्यावर आसपास सावकाश फिरा, पाणी कोठे खळखळते, कोणती फांदी दुसरीवर घासते, पाचोळा कोठे साठला आहे हे पाहून ठेवा. दिवसा ओळख झालेला आवाज रात्री फारसा छळत नाही. वारंवार हेडलॅम्प लावून बाहेर पाहण्याचा मोहही टाळावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो आणि पांढऱ्या प्रखर प्रकाशाचा एक झोत ती सवय क्षणात मोडतो. लाल प्रकाश मंद ठेवल्यास ती बरीच टिकते.

झोपेचे म्हणाल तर, अपुरी झोप गृहीतच धरावी. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये असे दाखवले की अनोळखी जागेतील पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजांना अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो. तो प्रयोग रानात झालेला नव्हता, प्रयोगशाळेतील बिछान्यावर झाला होता. मग तंबूतल्या पहिल्या रात्री वेगळे काय होणार! त्यामुळे दुसऱ्या दिवशीची चाल मुद्दाम कमी ठेवा आणि झोप आली नाही म्हणून स्वतःवर चिडू नका.

मला तुमच्या पत्रात न आलेल्या गोष्टीची अधिक काळजी वाटते. गटात असताना तुमचे बोलणे अडखळू लागले, हातातल्या वस्तू पडू लागल्या, तोल जाऊ लागला, तर सोबत्याच्या ते लक्षात येते. एकट्याच्या बाबतीत ते कोणाच्याच लक्षात येत नाही. शरीराचे आतील तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि या अवस्थेत निर्णयशक्ती लवकर ढासळते. म्हणजे ज्या बुद्धीने धोका ओळखायचा तीच मंद झालेली असते. त्याला कडाक्याचा हिवाळाच लागतो असेही नाही, कारण भिजलेले कपडे आणि वारा एवढ्यावर शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही ही वेळ येऊ शकते. म्हणून काही नियम घरूनच ठरवून न्यावेत आणि तेथे त्यांवर पुनर्विचार करू नये. उदाहरणार्थ : मुक्कामाला पोहोचताच ओले कपडे बदलायचे, थरथर सुरू झाली किंवा जाकिटाची चेन लावताना बोटे चुकू लागली, तर हातातले काम टाकून कोरडे कपडे घालायचे, काहीतरी खायचे आणि स्लीपिंग बॅगेत शिरायचे. ऊब आलेली नसताना थरथर थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. प्रकृती बिघडत चालल्याचे ते चिन्ह असते आणि तेव्हा मदत मागायलाच हवी. ऊब येते या समजुतीने मद्य घेणारे लोक आहेत. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा गरम वाटते आणि शरीर उष्णता अधिक वेगाने गमावते.

पहिल्या रात्रीसाठी पूर्वी गटाबरोबर राहिलेलीच जागा निवडा. अंधारातही परतता येईल इतकी ती रस्त्याजवळ असावी. मध्यरात्री उठून, सामान आवरून परत आलात तरी त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : ओढ्याकाठची सपाट जागा तंबूसाठी उत्तम दिसते, तरीही जाणकार ती टाळायला सांगतात. मग तंबू डोंगराच्या धारेवर लावावा का?

उत्तर : दोन्ही टोके टाळावीत. थंड हवा जड असते आणि रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साठते. त्यामुळे शांत, निरभ्र रात्री दरीच्या तळापेक्षा काही डझन मीटर वरच्या उतारावर स्पष्टपणे अधिक ऊब असते. पाण्याकाठी हवेत ओलावा जास्त, म्हणून दवही जास्त. शिवाय तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असताना वरच्या खोऱ्यात झालेल्या पावसाने ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. कोरडे वाळूचे पात्र या दृष्टीने विशेष फसवे असते. जनावरे पाण्यावर येतात ती रात्री आणि पहाटे. त्यांची वाट आपण अडवू नये हेही एक कारण आहेच. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर राहण्याचा प्रघात या सगळ्या दृष्टींनी सोयीचा आहे.

धारेवर वारा सतत लागतो आणि वादळात विजेचा धोका सर्वाधिक असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्यावरच धार आणि एकाकी उंच झाड सोडून खाली यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नये. तंबूचे कापड विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही.

उतारावरचा एखादा लहानसा सपाट टप्पा, एका बाजूने वाऱ्याला आडोसा असलेला, ही मला सर्वांत पसंत पडणारी जागा. झाडांखाली तंबू लावल्यास दव कमी पडते, कारण जमिनीची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाण्याला पानांचे छत आडवे येते. मात्र आधी मान वर करून पाहावे. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी दिसली, तर जागा कितीही सुंदर असली तरी सोडावी. सुटे दगड कोसळतील असा कडाही डोक्यावर नको. तंबू उभारण्यापूर्वी त्या जागेवर दोन मिनिटे आडवे पडून पाहिले की दिशा आणि चढ-उतार दोन्ही कळतात.

प्रश्न : माझ्या स्लीपिंग बॅगेवर शून्य अंश लिहिलेले आहे, तरीही दहा अंशांच्या आसपास मी रात्रभर कुडकुडलो. सकाळी तंबू आतून ओला होता. बॅग खोटी की तंबू गळका?

उत्तर : बहुधा दोन्ही निर्दोष असावेत. आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर साधारणपणे तीन तापमाने दिलेली असतात. पहिले आरामाचे, दुसरे मर्यादेचे आणि तिसरे टोकाचे. मर्यादेचे तापमान अंग आखडून झोपलेल्या प्रमाणित पुरुषाला धरून काढतात, आरामाचे तापमान सैलावून झोपलेल्या स्त्रीला धरून. टोकाचा आकडा तर केवळ जीव वाचवण्यापुरता असतो आणि तेथेही हायपोथर्मियाचा धोका राहतोच. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा यांतला कोणता हे पाहिल्याशिवाय बॅग घेऊ नये, आणि घेताना आरामाचाच आकडा धरावा.

पण तुमच्या कुडकुडण्याचे कारण मला खाली दिसते. अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही, म्हणून बॅगेचा तो भाग जवळजवळ निरुपयोगी होतो आणि उष्णता सरळ जमिनीत जाते. तेथे काम करते ती मॅट. मॅटची उष्णतारोधक क्षमता आर-मूल्याने सांगतात, आणि एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या मूल्यांची बेरीज होते. त्यामुळे जुनी फोमची मॅट फेकून न देता हवेच्या मॅटखाली घालावी. एकट्याच्या प्रवासात निदान एक तरी फोमची मॅट असावी असे माझे मत आहे, कारण ती पंक्चर होत नाही आणि दुरुस्तीला दुसरे हात सोबत नसतात.

तंबूतले पाणी तुमचेच आहे. रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे शरीर बरीच वाफ बाहेर टाकते, आणि ती थंड कापडावर थेंबांच्या रूपाने जमते. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की ओल वाढते. झडपा उघड्या ठेवाव्यात, तोंड बॅगेच्या आत घेऊ नये, कानटोपी घालावी.

प्रश्न : पाऊस असेल तर तंबूत स्टोव्ह लावता येईल का? दार थोडे उघडे ठेवले तर?

उत्तर : नाही, दार उघडे ठेवूनही नाही. जळत्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे थकव्याची वाटतात आणि हलवून उठवणारा कोणी नसतो. कापड पेट घेण्याचा धोका वेगळाच. शिजवावे न लागणारे एक वेळचे खाणे नेहमी जवळ ठेवावे, म्हणजे हा प्रश्न पडत नाही.

प्रश्न : मी एकटी जाणार आहे. माझ्याजवळ मोबाइल आणि पॉवर बँक असताना घरी सविस्तर बेत सांगून जाण्याचा आग्रह का धरतात? आणि एकट्या स्त्रीने अधिक काय पाहावे?

उत्तर : डोंगराच्या आडोशाला नेटवर्क नसते, नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी उतरते आणि थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून मोबाइल विमान मोडवर टाकून रात्री स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवावा. बेत सांगणे म्हणजे 'डोंगरात चालले आहे' एवढे सांगणे नव्हे. कोणत्या वाटेने, कोठे मुक्काम, पर्यायी जागा कोणती, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, हे लिहून द्यावे. ती वेळ ठरवताना स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा नियम अजून उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पाठीवर ओझे असेल तर त्यात मोकळ्या हाताने भर घालावी. बेत बदलला आणि कळवता आले नाही, तर मूळ बेतावर परत यावे. शोधणारे तेथेच येणार आहेत.

शिट्टी गळ्यात असावी, पिशवीच्या तळाशी नको. डोंगरात मदत मागण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच, उत्तर म्हणून मिनिटाला तीन संकेत येतात. उत्तर अमेरिकेत एकापाठोपाठ तीन संकेतांची खूण रूढ आहे. वारंवार एकट्याने जाणार असाल, तर 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकट कळवणारे उपकरण मोबाइलपेक्षा कितीतरी भरवशाचे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. जागेचा फोटो परतल्यावर टाकावा, मुक्कामी असताना नाही. वाटेत भेटलेल्याने विचारले तर सोबती मागून येत असल्याचे सांगायला संकोच करू नये. तंबू वाटेवरून न दिसणारा असावा, आणि एखाद्या जागी मन साशंक झाले तर कारण शोधत न बसता उजेड आहे तोवर पुढे जावे.

प्रश्न : परवानगी लागते का? आणि शेकोटी करावी का?

उत्तर : देशोदेशी कायदा वेगळा आहे. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर, दोन रात्रींपर्यंत विनापरवानगी राहता येते. अनेक ठिकाणी संरक्षित जंगलात रात्री थांबणे हाच गुन्हा ठरतो. जमिनीच्या मालकाला किंवा वनविभागाला आधी विचारावे. शेकोटी मी करणार नाही. एकट्याला ती रात्रभर सांभाळता येत नाही, आणि वारा फिरला तर विझवायला एकच माणूस असतो. जेथे परवानगी आहे आणि करायचीच आहे, तेथे पाणी ओतून राख ढवळावी, पुन्हा ओतावे, आणि हात लावून गार लागेपर्यंत तिला सोडून झोपू नये. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर मीटरवर पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. कागद मात्र पुरू नये, जनावरे तो उकरून काढतात, तेव्हा तो पिशवीत बंद करून परत आणावा.