मुक्तिदिन आणि स्वातंत्र्यदिन

प्रश्न असा आहे: १५ ऑगस्टला आपण 'स्वातंत्र्यदिन' म्हणतो, मग १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा 'मुक्तिसंग्राम दिन' का? अर्थ एकच ना? आणि 'मुक्ति' ऱ्हस्व की दीर्घ?

ऱ्हस्व-दीर्घाचं सोपं आहे. सुटा शब्द 'मुक्ती', समासात पहिलं पद असेल तर 'मुक्ति'. शक्ती, पण शक्तिपीठ, तसंच मुक्तिदिन.

अर्थ मात्र एक नाही. 'मुक्त' म्हटलं की 'कशातून?' हे लगेच मनात येतं: कर्जमुक्त, व्यसनमुक्त. मूळ धातू मुच्, म्हणजे सोडणं. 'स्वतंत्र' म्हणजे ज्याचं तंत्र, ज्याचा कारभार, स्वतःच्या हाती. म्हणून आपण 'स्वतंत्र खोली' म्हणतो, 'मुक्त खोली' नाही.

आता १९४७ चं हैदराबाद संस्थान बघा. मराठवाडा त्यातच होता. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार, असं निजामाने जाहीर केलं होतं. रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांना, हवं होतं तेही 'आझाद हैदराबाद'च. म्हणजे 'स्वतंत्र' हा शब्द तिथे राज्यकर्त्यांच्या तोंडी होता! स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली तुरुंगात जाणाऱ्यांची मागणी वेगळी होती: निजामाच्या राजवटीतून सुटका आणि भारतात विलीनीकरण. त्या मागणीला 'मुक्ती' हाच शब्द नेमका बसतो, असं मला वाटतं. गोव्याचंही तसंच. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगिजांची सत्ता संपली, तो गोवा मुक्तिदिन.

जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर, कलबुर्गी, रायचूरकडच्या कन्नड लोकांनी याच १७ सप्टेंबरला 'विमोचन' म्हटलं. धातू तोच, मुच्. सीमेपलीकडच्या भाषेलाही तोच धातू सुचावा, याचा मला फार आनंद होतो.

मराठवाड्यातली जुनी माणसं मात्र अजूनही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण त्याआधीचं वर्षभर सत्याग्रह चालले, गावोगावी रझाकारांचा मार खाऊन लोक उभे राहिले. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, मथळ्यात जागा कमी पडली तरी मराठवाड्यासाठी नुसतं 'मुक्तिदिन' लिहू नका. 'मुक्तिसंग्राम दिन' असं पूर्ण लिहा. ती माणसं 'संग्राम' या शब्दात आहेत.