सोसायटीत पडलेल्या रेन ट्रीच्या फळ्या चेनसॉने घरच्या घरी काढता येतील का?

हो, काढता येतात. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत पावसात पडलेल्या रेन ट्रीच्या फळ्या चेनसॉला फ्रेम लावून पाडाव्यात आणि आवारात बाकं करावीत, हा विचार मला मनापासून आवडला. दर पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी झाडं पडतात आणि सोन्यासारखं लाकूड दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन डंपरमधून जातं. मी रबाळ्याला फर्निचरचं छोटं वर्कशॉप चालवतो आणि जमेल तिथे असंच शहरातलं पडलेलं लाकूड वापरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक ठरवा: ओंडका जागेवरून हलतो का? अडीच फूट जाडीचा आणि आठ फूट लांबीचा ओला ओंडका टनाच्या आसपास भरतो. तुमच्या गेटमधून हायड्रा क्रेन आत येत असेल तर माझा सरळ सल्ला, ओंडका उचलून आरागिरणीत न्या. तिथलं पट्ट्याचं करवत एका कापात साधारण सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड खातं. चेनसॉ तीन सूत खाते. दहा काप घेतलेत तर तीस सूत, म्हणजे पावणेचार इंच लाकूड भुसा होऊन पडणार. वेळ, पेट्रोल आणि रंध्याचं काम वाढतं ते वेगळंच. चेनसॉ मिल, म्हणजे फ्रेम लावलेली चेनसॉ, उपयोगाची ठरते ती ओंडका हलवणं अशक्य असतं तेव्हा: इमारतीमागे अडकलेलं खोड, वाहन न पोचणारी जागा, किंवा खोड इतकं रुंद की गिरणीच्या करवतीखाली मावतच नाही. रेन ट्री पुष्कळदा या शेवटच्या प्रकारात मोडतं.

मग कागद. महापालिका हद्दीत झाडांना 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपोआप पडलेलं असलं तरी उद्यान विभागाला कळवा, पाहणी होऊ द्या आणि लाकूड सोसायटीकडे राहत असल्याचं लेखी घ्या. ओंडके बाहेर न्यायचे असतील तर ट्रकमध्ये चढवण्याआधी वाहतूक परवान्याचं वनविभागात विचारा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या बाबतीत तर नक्कीच विचारा.

झाड पडल्यावर अग्निशमन दल किंवा पालिकेची माणसं येतात त्यांचं काम रस्ता मोकळा करणं असतं, त्यामुळे ते छोटे तुकडे करतात. त्यात त्यांची काही चूक नाही. पण रस्ता मोकळा झाल्यावर खोडाचा सरळ भाग सात-आठ फूट लांब ठेवा म्हणून तिथेच विनंती करा. बहुतेक वेळा ऐकतात. तुमचं खोड अजून अखंड असेल तर आजच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचा जाड हात द्या. लाकूड टोकांकडून भराभर वाळतं आणि तिथूनच चिरा आत शिरतात.

आता मशीन. ज्या जोडाबद्दल तुम्ही विचारताय त्याला अलास्कन मिल म्हणतात. ही फ्रेम चेनसॉच्या बारला (चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीला) आवळून बसवायची आणि जितकी जाड फळी हवी तितक्या अंतरावर तिचे दोन दांडे पक्के करायचे. फ्रेम लाकडाच्या सपाट पृष्ठावरून सरकते आणि खाली चेन त्याच अंतरावर आडवी चिरत जाते. बाजारात सहज मिळणारी 58 सीसीची मशीन आणि 22 इंची बार घेतलात तर फ्रेमच्या पकडीत चार-पाच इंच जातात. बारा-पंधरा इंचांच्या फांद्यांपर्यंत ती ठीक. तुमच्या अडीच फुटी खोडाला मात्र 36 इंची बार आणि 90 सीसीच्या आसपासचं इंजिन हवं. लहान मशीन पूर्ण वेगावर मिनिटामागून मिनिटं दाबून धरली तर ती तापून जॅम होते, म्हणून मोठी मशीन भाड्याने किंवा चालवणाऱ्या माणसासकट मिळते का ते पाहा. प्रत्येक काप संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ रिकामं फिरू द्या, म्हणजे ते सावकाश थंड होतं.

चेनही वेगळी लागते. नेहमीच्या चेनचे दात आडव्या कापासाठी 30 अंशांच्या आसपास घासलेले असतात. लांबीने चिरताना ते अडखळतात आणि फळीवर खोल ओरखडे सोडतात. चिरकामासाठी तो कोन 10 अंश ठेवतात. तयार चेन मिळाली नाही तर साध्या चेनचेच दात गोल कानशीने तेवढे घासून घेता येतात. एक-दोन काप झाले की पुन्हा कानस मारायचीच. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला किंवा मशीन ढकलावी लागू लागली, तर धार गेली समजा.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचा प्रत्येक काप त्याचीच नक्कल करतो. ओंडका गोल आहे, फ्रेमला सरकायला सपाट पृष्ठ नाही, म्हणून वर एक सरळ वाट बांधावी लागते. त्यासाठी ॲल्युमिनियमची सरळ शिडी छान चालते. ती ओंडक्याच्या दोन्ही टोकांबाहेर फूटभर राहू द्या, म्हणजे फ्रेम आत शिरताना आणि बाहेर पडताना डुचमळणार नाही. शिडीच्या दोन्ही टोकांना पाणसळ आडवी ठेवून दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आणा. तो वेगवेगळा असेल तर फळीला जन्मतःच पीळ येतो, आणि तो रंध्याने काढायला गेलं तर अर्धी फळी जाते. शिडी बसवायचे स्क्रू कापाच्या पातळीपर्यंत पोचत नाहीत ना, हे मोजून घ्या. ओंडका खाली वासे घालून जमिनीपासून उचला, पाचरी मारून पक्का करा आणि काप ज्या दिशेने जाणार त्या बाजूला किंचित उतार द्या, मशीन तिच्याच वजनाने पुढे जाते. काप दोन फूट आत गेला की मागच्या फटीत लाकडी पाचरी ठोकत जा, नाहीतर वरची फळी बसून बारला चिमटा घेते. मधला गर एखाद्या फळीच्या मधोमध येऊ देण्यापेक्षा काप त्याच्यातूनच जाईल असं मोजमाप करा, कारण भेगा तिथूनच निघतात.

शहरातल्या झाडात लोखंड असतंच असं धरून चला. पाट्यांचे खिळे, रोषणाईच्या तारा, कुंपणाची काटेरी तार, बुंध्यात गिळलेलं काँक्रीट, आणि हे सगळं माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत, म्हणजे नेमकं सगळ्यात रुंद खोडात. कापण्याआधी हातातला मेटल डिटेक्टर फिरवा. प्रत्येक काप झाला की कापलेल्या पृष्ठाकडे पाहा: निळसर-काळा डाग दिसला तर जवळपास लोखंड आहे, लाकडातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होऊन तो रंग येतो.

सुरक्षेबाबत मी फार आग्रही आहे. चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबलच्या वर जातो, कानांना मफ हवेतच. डोळ्यांना गॉगल, पायांना चेन अडवणारी पँट, जाड बूट. मिलवर तोंड मशीनच्या अगदी जवळ असतं आणि काप लांबतो, म्हणून दोन इमारतींच्या बोळात काम करू नका, धूर साचतो. मोकळ्या जागेत वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. रेन ट्रीचा भुसा डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो, चांगला मास्क लावा. चेनच्या रेषेत कोणी उभं राहू नये, मुलांना तर त्या दिवशी आवारात येऊच देऊ नका. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे, त्यामुळे शेजारच्या सोसायटीलाही आधी सांगा आणि दुपारची झोपेची वेळ सोडा. ज्याने चेनसॉ कधी हातात धरली नाही त्याने मिलवर सुरुवात करू नये.

फळ्या पडल्या की अर्धंच काम झालं. बाकासाठी दोन इंच दोन सूत जाड काढा, वाळून आणि रंधून पावणेदोन इंच हाती येईल. फळ्या छपराखाली, उन्हापासून लांब, जमिनीवरून फूटभर वर रचा. दोन फळ्यांमध्ये दर दीड फुटावर एकसारख्या जाडीच्या सुक्या पट्ट्या, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात. वर वजन ठेवा. इंचाला एक वर्ष हा वाळण्याचा ठोकताळा आहे, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड वाळत नाही, उलट ओल ओढतं. म्हणून दोन इंची फळीला दोन उन्हाळे पूर्ण द्या. पांढऱ्या बाहेरच्या लाकडात भुंगा लागतो, रचण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने दोन्ही बाजूंना लावा.

रेन ट्री ही तुमची जमेची बाजू आहे. वाळताना ते फारसं आकसत नाही आणि गाभ्याचा तपकिरी रंग देखणा असतो, फक्त रेषा उलटसुलट असल्याने रंधा धारदार हवा. फणस त्याहून उत्तम, आंबा चालतो पण त्यावर निळी बुरशी पटकन चढते. गुलमोहराच्या मागे लागू नका, ते ठिसूळ असतं आणि कीड लवकर धरतं.

याच लाकडाचं टेबल कोणाच्या एसी फ्लॅटमध्ये जाणार असेल तर सुकलेली फळी आधी त्याच खोलीत काही आठवडे उभी ठेवा आणि मगच जोडकाम करा. आवारातल्या बाकांना त्याची गरज नाही.