पहिल्या कंटेनरआधी रिजेक्शनची वही घाला

दादा, तुमच्या शेतकरी कंपनीची द्राक्षं युरोपात जाणार, याचा मनापासून आनंद आहे. पण गिऱ्हाईक शोधण्याइतकाच वेळ शिकण्याला द्या. आयातदाराचा क्वालिटी रिपोर्ट बहुतेक ठिकाणी मालकाच्या मेलमध्येच पडून राहतो. तो मराठीत करून पॅकहाऊसमधल्या ताईंना आणि फवारणी करणाऱ्यांना वाचून दाखवा. मणीगळ झाली, देठ सुकले, तर प्लॉट कुठला, तोडणी किती वाजता, प्रीकूलिंगला (तोडलेला माल लगेच थंड करण्याला) किती उशीर झाला, हे त्यांनाच ठाऊक असतं.

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. प्लॉटवार फवारणीची नोंद असेल तर असा दोष मुळापर्यंत शोधता येतो, नाहीतर नुसते अंदाज. ग्रेपनेटवरची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची, नोंद आहेच, तरी माल का नाकारला गेला हे लिहून ठेवणारी स्वतःची वही वेगळी हवी. जाणता सुपरवायझर सोडून गेला, तरी त्याचं शहाणपण तिथे राहतं.

एप्रिलमध्ये, हंगाम ताजा असताना, सगळ्यांना एकत्र बसवा आणि ऑक्टोबर छाटणीआधी काय बदलायचं ते ठरवून टाका. द्राक्षांत औषधांचे अंश किती चालतात याच्या मर्यादा बदलत राहतात, म्हणून फवारणीच्या औषधांची यादी दर हंगामाला नव्याने तपासा.